स्टुलावरच्या मावशी

शाळांमधल्या मुलांवरच्या अत्याचाराच्या तक्रारी दाबल्या तर जात नाहीत ना, हे बघणाऱ्या पथकाची मी प्रमुख. माझी माणसं शाळाशाळांत फिरून फॉर्म भरतात, मी सह्या करते. नायगावच्या एका शाळेचा फॉर्म तीन वर्षं सारखाच यायचा: तक्रारपेटी आहे, तक्रारी निरंक. अशा शाळांचं आमच्या ऑफिसात कौतुक. यंदा मी स्वतः गेले.

जिन्याशी शाळेतल्या एक मावशी स्टुलावर चढून, टाचा उंचावून ती पेटी पुसत होत्या. कुलूप पुसताना बोटांना लागलेला गंज त्यांनी पदराला पुसला.

"एवढ्या उंच का लावली हो?" मी विचारलं.

"आधी खालीच होती," त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या. "पोरी चिठ्ठ्या टाकायला लागल्या. मग मोठ्या सरांनी वर घेतली."

"आणि त्या चिठ्ठ्या?"

मावशींनी फडकं झटकलं, घडी करून कमरेला खोचलं.

"आता कोण टाकत नाय, मॅडम."

स्टूल उचलून त्या निघून गेल्या. मी चवड्यांवर उभी राहून हात वर केला. पेटीच्या फटीपर्यंत माझाही पोचला नाही. तीन वर्षं त्या 'निरंक'खाली सही मात्र माझीच आहे.