दीनानाथ केळुसकरांची दहा मिनिटं

कुवेतच्या सालमिया भागात आमच्या वरच्या मजल्यावर राहणारे दीनानाथ केळुसकर दिवसा हॉस्पिटलच्या लॅबमध्ये टेक्निशियन होते आणि मराठी मंडळींच्या प्रत्येक कार्यक्रमात आभार मानत. दोन्ही कामं सारख्याच निष्ठेनं. अध्यक्षांपासून सतरंज्या उचलणाऱ्यांपर्यंत एक नाव सुटायचं नाही. ते उभे राहिले की मोठी माणसं चपला शोधायला लागत आणि पोरं झोपी जात.

लॅबमध्ये त्यांचा विषय मुतखडा. उन्हात राबणाऱ्यांना तो जास्त का होतो, हे शोधायला त्यांनी सात वर्षांत चारशे बारा खडे जमवले होते. प्रत्येकाबरोबर चिठ्ठी : माणूस काम कुठे करतो, पाणी किती पितो. प्रेमावहिनी म्हणायच्या, "लोक कुवेतमध्ये सोनं जमवतात. आमच्या ह्यांचं निराळंच."

एकोणऐंशी साली फ्रान्समधल्या लियों शहरातल्या परिषदेनं हा अभ्यास स्वीकारला. बोलणार होते त्यांचे साहेब डॉ. जाफर, दीनानाथ नुसते स्लाइड सरकवणार. पण तिथल्या थंडीनं पहिल्याच दिवशी साहेबांचा घसा पार बसला. त्यांनी कागदावर लिहून दिलं, "उद्या तुम्ही. दहा मिनिटं." समोर तीनशे डॉक्टर, आणि हा माणूस डॉक्टर नाही. त्यांना पटलं नाही, तर सात वर्षं पाण्यात.

दीनानाथ उभे राहिले. सभेत बोलायचा त्यांना एकच प्रकार येत होता. त्यांनी आभार मानायला सुरुवात केली.

पहिला खडा काड्यापेटीतून आणून देणारा बसड्रायव्हर सिराज. अहमदीच्या तेलविहिरींवरचे वेल्डर. रोग्यांना लाज सोडायला लावणारी नर्स लैला. खैतानच्या खानावळीतल्या झुलेखाबी, ज्या सकाळी कामगारांचे पाण्याचे कॅन भरून देत, संध्याकाळी उरलेलं पाणी मापानं मोजत आणि भिंतीवर कोळशानं रेघा ओढत. पहिल्या रांगेत डॉ. जाफर 'आटपा' म्हणून हात गरागरा फिरवत होते. दीनानाथांना वाटलं, कुणीतरी राहिलंय. म्हणून त्यांनी लॅबच्या झाडूवाल्याचेही आभार मानले.

घंटा झाली. एकच स्लाइड दाखवता आली : कमी पाणी पिणाऱ्यांचे खडे किती, जास्त पिणाऱ्यांचे किती.

मग एक म्हातारे प्रोफेसर उठले. "कामगार पाण्याबद्दल खरं सांगतात कशावरून, हे विचारून मी तुम्हाला अडवणार होतो," ते म्हणाले. "पण त्या खानावळवाल्या बाईंनी माझं तोंड बंद केलं." टाळ्या सुरू झाल्या. दीनानाथ गोंधळून मागे बघायला लागले, की कोण आलं.

हे सगळं डॉ. जाफरांनी आवाज परत आल्यावर केळुसकरांच्याच घरी बसून आम्हाला सांगितलं. दीनानाथ खाली मान घालून चिवड्यातले शेंगदाणे वेचत होते.

"आणि त्या प्रोफेसरांनी महिनाभर लियोंला बोलावलंय," साहेब म्हणाले. "माहिती कशी गोळा करावी, ते शिकवायला. मला नाही, ह्यांना."

चहा ओतता ओतता वहिनी थांबल्या. "शिकवायला? कुणाला?"

"तिथल्या डॉक्टरांना."

वहिनींनी आम्हा सगळ्यांकडे एकेक करून नीट बघून घेतलं. मग कुणाला काही न विचारता प्रत्येकाच्या कपात दोन-दोन चमचे साखर जास्त घातली. मधुमेहवाल्या माझ्यासुद्धा. मी निमूट प्यालो.