बॉक्समधली नागली

करवतीच्या मशीनने बाबांचे कान नेले. सुतार माणूस, पेठहून नाशिकला आले ते आयुष्यभर फर्निचरच करत राहिले. आधी बारीक आवाज गेले, मग माझ्या नकला. आख्ख्या गल्लीच्या नकला करायचो मी, बाबा पोट धरून हसायचे. नंतर नुसते माझ्या तोंडाकडे बघायचे आणि बाकीचे हसले की हसायचे. ते लय लागायचं मला.

जाड आवाज मात्र त्यांना हाताला कळायचा. म्हणून मी जुना बारा इंची सबवूफर आणला, जाड आवाजाचा स्पीकर. आमच्या मामांचा आवाज म्हणजे पिंपात तोंड घातलेला रेडा. त्यांची नक्कल माईकवर केली की बाबांपर्यंत पोहोचणारच!

वूफरला पंचेचाळीस लिटर हवा मावेल असा बॉक्स पाहिजे होता. मी मोबाईलवर गुणाकार मारला: पंधरा, चौदा, तेरा इंच. बाबांनी प्लाय कापला, बॉक्स ठोकला. मग गावाकडून आलेलं नागलीचं, म्हणजे नाचणीचं, पोतं ओढलं आणि लिटरच्या मापाने स्पीकरच्या भोकातून नागली ओतायला लागले.

मी हवेतच हाताने भाकरी थापून दाखवली. "भाकरी करायच्यात का यात?"

"तुझा मोबाईल थापा मारतो. नागली नाय मारत."

बत्तीस मापांत बॉक्स गच्च.

"बाहेरून मोजलं ना, शहाण्या? प्लायची जाडी काय तुझा मामा खाणार? आन् स्पीकरचं बूड कुठं ठेवशील, डोक्यावर?"

दुसरा बॉक्स त्यांनी आतून माप धरून केला. सत्तेचाळीस मापं बसली. नागली परत पोत्यात ओतली, बॉक्सवर थाप मारली. "रविवारी लाव. बघू तुझ्या मामाला."

शनिवारी सकाळी चहा पिताना त्यांच्या छातीत कळ आली. दवाखान्याच्या जिन्यापर्यंतच पोहोचलो आम्ही.

महिन्याने मी स्पीकर बसवला. माईक घेतला आणि मामांच्या आवाजात म्हणालो, "काय दाजी, झोपले का?"

बॉक्स घुमला. आत काहीतरी खुळखुळलं. कोपऱ्यात नागलीचे दाणे राहिले होते.

ऐकायला आलेला मित्र म्हणाला, "स्पीकर काढ, बॉक्स उलटा कर. दोन मिनिटाचं काम हे."

मी बॉक्सवर तळहात ठेवला, बाबा ठेवायचे तसा, आणि परत माईकवर मामा काढला. दाणे हाताला कळत होते.

"बघू," म्हटलं. स्पीकरचे स्क्रू अजून तसेच आहेत.