आकडा हद्दीत होता

दूध संस्थेतल्या फॅट मशीनशी हुज्जत घालणारा माणूस आक्काला अजिबात खपायचा नाही. "मशीनला तुझ्याशी सोयरीक करायची हाय व्हय रं, खोटं बोलाय?" असं ती रांगेतूनच ओरडायची. गडमुडशिंगीत दोन म्हशींचं दूध घालण्यात तिचा जन्म गेला. आकडा लागला की वाद मिटला, हा तिचा धर्म.

मी तिची शेजारीण. बायकांच्या आजारांची पत्रकं वाटत फिरते, याची तिला भारी गंमत. "कागदं वाटून बायका बऱ्या होत्यात व्हय गं?" म्हणायची आणि ताकाचा तांब्या पुढं करायची. तीच आक्का एकदा मला गोठ्यात ओढून कुजबुजली, "पाळी बंद होऊन लई वरसं झाली. आता परत अंगावरनं जातंय." एवढ्या आवाजाची बाई, लाजेनं पार विझलेली. मला संताप आला. तिचा नव्हे, त्या लाजेचा.

कोल्हापुरात गर्भपिशवीच्या अस्तराचा तुकडा तपासला. कॅन्सर निघाला. पिशवी काढायचं ठरलं. त्याआधी रक्तातलं सीए-१२५ बघितलं. रोग पिशवीबाहेर पसरलाय का, याचा नुसता अंदाज घेण्यासाठी ही तपासणी. रोग आहे हे तुकड्यानं सांगितलंच होतं. पण डॉक्टरांनी हे समजावलं कुणाला? तिच्या थोरल्या पोराला. दारात, उभ्या उभ्या, निम्मं इंग्रजीत. जिची पिशवी, ती बाहेर बाकड्यावर.

आकडा हद्दीत आला. थोरला बाहेर येऊन म्हणाला, "आई, रक्तात काय न्हाय." आक्का उठली, पदर खोचला. "हद्दीत हाय न्हवं? मग कापायचं कशाला?"

ऑपरेशन न करताच ती घरी आली. मी रोज भांडले. "आक्का, फॅट बरोबर लागलं म्हणून म्हशीची कास सुजत न्हाय का?"

"मला नि म्हशीला एकाच दावणीला बांधतीस व्हय गं?" ती खदखदून हसली.

"तुकड्यात कॅन्सर हाय, आक्का. रक्त काय बी सांगू दे."

"तू डाक्टर कवा झालीस?"

उसाचा हंगाम संपेपर्यंत तिचं पोट फुगलं. मग धावाधाव, मग ऑपरेशन. रोग पोटभर विखुरलेला. या खेपेला आकडाही चढलेला होता. वॉर्डात तिनं मला विचारलं, "तवा बी हुता व्हय गं, त्यो रोग?"

"व्हय, आक्का."

ती उशी सरकवून उठून बसली. मग म्हणाली, "मग डाक्टरनं मला का न्हाय सांगितलं? मी दाराभाईरच बसलोतो की."

आक्का त्यातून उठली नाही.

रक्षाविसर्जनाला थोरला लोकांना सांगत होता, "रिपोर्ट नॉर्मल हुता ओ. चिरलं, रोगाला वारं लागलं, नि आई गेली." माना डोलत होत्या. मी पुढं सरसावले. तेवढ्यात आक्काच्या धाकट्या जावेनं मला बाजूला घेतलं. "माझं बी तसंच अंगावरनं जातंय गं. पर मी न्हाय बाई चिरून घ्यायची."

मी तिला तिथूनच गाडीवर बसवलं. कोल्हापुरात शाहूपुरीतला दवाखाना येईपर्यंत ती मला शिव्या घालत होती. घालू दिल्या. तपासण्या झाल्या, आणि रिपोर्ट आले त्या दिवशी डॉक्टर माझ्याकडं बघून बोलायला लागले. मी त्यांना थांबवलं. खुर्ची ओढून जावेला समोर बसवलं.

"ह्यांना सांगा," म्हटलं. "मराठीत."