गुरुवारची बोट

दक्षिण कोरियातल्या मोक्पो बंदराच्या धक्क्यावरून सकाळी सात पन्नासला सुटणाऱ्या बोटीत ह्योन-सुक दर गुरुवारी एकटीच बसायची. बाकीचे प्रवासी खाली उबदार फरशीवर आडवे व्हायचे, बुटांची रांग दाराशी लागायची, कोणी घोरायचं, कोणी पत्ते काढायचं. ती मात्र खिडकीशी बसून मुलांच्या फायली चाळायची. निदान तसं दाखवायची. आडवं झालं की शेजारची बाई हमखास विचारणार, कुठं जाता, नवरा काय करतो, पोरं किती. नवरा नव्हता, पोरं नव्हती आणि कामाबद्दल बोलायची मुभा नव्हती. म्हणजे बोलायला उरलंच काय?

चौतिसाव्या वर्षी तिनं बँकेतली नोकरी सोडली आणि पुन्हा कॉलेजात जाऊन समाजकार्य शिकली. भाऊ ग्वांगजूला असतो. तो अजून म्हणतो, "तुला वेड लागलं होतं." त्याला कधी सांगता आलं नाही, की काउंटरच्या काचेमागं दिवसभर माणसं यायची, पण एकही तिच्याशी बोलायचं नाही. आता ती सत्तेचाळीस वर्षांची होती. मुलांच्या समुपदेशन केंद्रातून आठवड्यातले चार दिवस शहरातल्या शाळा आणि गुरुवारी हे बेट. घरातून पळालेली, शाळा सोडलेली, जीव द्यायला निघालेली पोरं. त्यांच्याबरोबर पोलिस चौकीत बसायचं, दवाखान्यात नंबर लावायचा, आईबापांची बोलणी खायची. संध्याकाळी घरी आल्यावर टीव्ही लावायचा, तो आवाजासाठी.

बेटावरच्या शाळेत एकोणीस मुलं होती. जुनी वाद्यं ठेवायची एक खोली मुख्याध्यापकांनी तिला मुलांशी बोलायला दिली होती. दा-बिन तिथं यायला लागली ती आदल्या शरद ऋतूत. पंधरा वर्षांची, उंच, खांदे पाडून चालणारी. आई दोन वर्षांपूर्वी बुसानला निघून गेली आणि तिथं तिनं दुसरा संसार मांडला, हे बेटावर सगळ्यांना ठाऊक होतं आणि दा-बिनसमोर कोणी बोलत नव्हतं. बाप समुद्रातल्या शेवाळाची शेती करायचा. हिवाळाभर पहाटेपासून शेवाळ कापायचं, धुवायचं, पापडांसारखं वाळवायचं. घरी यायचा तो जेवून झोपायला.

पहिल्या दिवशी ह्योन-सुकनं तिला नियम सांगितला होता, सगळ्यांना सांगायची तसाच. इथलं इथंच राहील, पण जिवाचा प्रश्न आला तर मला सांगावं लागेल. दा-बिन म्हणाली होती, "माझ्या जिवाला काय धाड भरलीय, बाई."

फेब्रुवारीतल्या एका गुरुवारी ती आली आणि बराच वेळ ढोलाच्या कातड्यावर बोट फिरवत बसली. आपले आवडते हेडफोन तिनं मैत्रिणीला देऊन टाकले होते, मांजर शेजारणीकडं सोडलं होतं. हे तिनं सहज सांगितलं, पण ह्योन-सुकनं हातातली फाईल मिटून ठेवली.

"आणखी एक सांगायचंय," दा-बिन म्हणाली. "पण तुम्ही कुणाला सांगणार नाही ना?"

ह्योन-सुकनं मान हलवली.

नियम तिला तोंडपाठ होता. पण त्या क्षणी वाटलं, आत्ता नियम काढला तर ही पोरगी उठून जाईल आणि मग काहीच कळणार नाही. म्हणून मान हलवली. नाही सांगणार.

मग दा-बिननं सांगितलं. सगळं नकोसं झालंय. दिवसही ठरवलाय, येता रविवार.

ह्योन-सुकनं तिचा हात धरला आणि अर्धा तास धरूनच ठेवला. दा-बिन रडली नाही. उलट हलकं वाटतंय म्हणाली. मग ह्योन-सुकनं मुख्याध्यापकांना तिच्याजवळ बसवलं आणि शेवाळाच्या शेडकडं निघाली. वाऱ्यानं डोळ्यांत पाणी येत होतं, ते बरंच झालं.

बापानं सगळं ऐकलं. रबरी बूट, अंगावर पिवळा प्लॅस्टिकचा डगला, हातमोज्यांतून पाणी ठिबकत होतं. त्यानं हातमोजे काढले. जाऊन शेवाळ धुवायचं यंत्र बंद केलं. शेडमध्ये एकदम शांतता झाली, तेव्हा म्हणाला, "सकाळी तिनं मला अंडं तळून दिलं. पहिल्यांदाच."

साडेतीनच्या बोटीनं तिघं मोक्पोला निघाली. दा-बिन दोघांच्या मधे बसली होती. दीड तासात ती एकदाच बोलली, तेही ह्योन-सुककडं न बघता.

"तुम्ही मान हलवली होती."

"हो," ह्योन-सुक म्हणाली. "हलवली होती. चुकलं माझं. पण सांगितलं ते चुकलं नाही."

दा-बिननं जॅकेटची टोपी डोळ्यांवर ओढून घेतली.

सहा आठवडे ती दवाखान्यात होती. नंतर शहरातच आत्याकडं राहिली, तिथल्याच शाळेत जाऊ लागली. या बाई मला नकोत, असं तिनं सांगितल्यावर तिची फाईल केंद्रातल्या दुसऱ्या कार्यकर्तीकडं गेली. केंद्रप्रमुख म्हणाले, "केस छान हाताळलीत." अहवालात मान हलवण्यासाठी रकाना नव्हता. ह्योन-सुकनं शेवटी त्याबद्दल दोन ओळी जोडल्या होत्या, त्या कोणी वाचल्याचं दिसलं नाही.

बेटावर मात्र हवा फिरली. पूर्वी धक्क्यावरच्या बायका तिच्या पिशवीत शेवाळाच्या पापडांची गड्डी बळंच कोंबायच्या. आता तिला बघून त्यांचं बोलणं थांबायचं. एक म्हातारी मासे साफ करता करता ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाली, "आल्या बघा, पोरं उचलून न्यायला."

"आजी, थंडी आहे, हात सांभाळा," ह्योन-सुक म्हणाली आणि पुढं गेली.

एप्रिल गेला, मे गेला. खोलीत कोणी येईना. मुलं दारावरून जाताना पावलं भरभर टाकायची. ती हीटर लावायची, उन्हाळ्यात पंखा लावायची, समोरच्या खुर्चीवरची धूळ पुसायची आणि साडेतीनपर्यंत बसून राहायची. केंद्रातून विचारणा झाली, बेटाचा गुरुवार बंद करायचा का? ती म्हणाली, "थोडे दिवस बघू."

परतल्यावर बंदराजवळच्या खानावळीत वाकटी माशाचा रस्सा मिळायचा, पण एकट्या माणसाला देत नसत. कमीत कमी दोघांचा घ्यावा लागे. ती दोघांचा मागवायची, निम्मा खायची, निम्मा डब्यात भरून न्यायची. मालकीण एकदा म्हणाली, "ताई, कुणाला तरी घेऊन या की कधी." ह्योन-सुक हसली. त्यानंतरचे काही गुरुवार ती घरीच दुकानातला तयार भात गरम करून खात होती.

ऑगस्टमध्ये दा-बिनचा बाप तिला धक्क्यावर भेटला. जाळीच्या गुंडाळ्यांवर बसला होता. उठून वाकून नमस्कार केला.

"पोरगी जेवते आता नीट," तो म्हणाला. "माझी बहीण सांगते, भात दोनदा घेते."

"माझं नाव काढते कधी?"

त्यानं पाण्याकडं बघितलं. "नाही, बाई."

"बरं," ह्योन-सुक म्हणाली. "दोनदा घेते म्हणजे चांगलंच आहे."

ऑक्टोबरात, एका शनिवारी, मोक्पोच्या बाजारात तिनं दा-बिनला पाहिलं. तिखट रश्शातल्या तांदळाच्या पिठाच्या कांड्या खात ती दोन मैत्रिणींबरोबर उभी होती. केस कापले होते, ओठांना लाल रस्सा लागला होता, कशावर तरी हसत होती. तिचं लक्ष गेलं. नजर क्षणभर थांबली आणि अनोळखी माणसावरून सरकावी तशी सरकून गेली. ह्योन-सुक शेजारच्या गल्लीत वळली आणि मुळ्यांच्या एका ढिगासमोर उभी राहिली. विक्रेती विचारत होती, किती देऊ, किती देऊ. तिनं पाच मुळे घेतले. एकटीला पाच मुळे संपायला पंधरा दिवस लागले.

नोव्हेंबरच्या दुसऱ्या गुरुवारी वाद्यांच्या खोलीचं दार कोणीतरी वाजवलं. तेरा वर्षांची एक छोटी मुलगी होती, सोल-आ नावाची. दप्तर पोटाशी धरून दारातच उभी.

"आत ये. बस. पण आधी एक सांगते, ऐक..."

"माहितीय," सोल-आ म्हणाली. "दा-बिनताईनं फोनवर सांगितलंय."

"काय सांगितलंय?"

"की त्या बाई सांगून टाकतात. त्यांच्यावर विश्वास ठेवू नकोस." मुलगी थोडी घुटमळली. "आणि म्हणाली, तरी जा."

 ह्योन-सुकनं उठून हीटर थोडा वाढवला. मग परत येऊन बसली आणि नियम पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितला, एक शब्द न गाळता. कुणाला सांगेन, कधी सांगेन, सांगण्याआधी तुला कसं कळवेन, सगळं. सोल-आनं ऐकून घेतलं आणि दप्तर खाली ठेवलं. त्या दिवशी ती काहीच बोलली नाही. चाळीस मिनिटं दोघी समोरासमोर बसून राहिल्या. घंटा झाली तशी मुलगी उठली.

"पुढच्या गुरुवारी असता?"

"असते," ह्योन-सुक म्हणाली.

साडेतीनच्या बोटीत ती तिच्या नेहमीच्या जागी बसली. खाली कोणीतरी पत्ते पिसत होतं. फोन काढून तिनं भावाचा नंबर शोधला, बोट त्यावर ठेवलं. सांगण्यासारखं तर बरंच होतं, पण सांगायची परवानगी त्यातल्या एकाही गोष्टीची नव्हती. शेवटी तिनं लिहिलं, "आज बोट वेळेवर आहे. तू जेवलास?"

उत्तर आलं तेव्हा मोक्पोचा धक्का दिसायला लागला होता. "जेवलो. तू?"

"आता जाते," तिनं लिहिलं.