तात्या, फुफ्फुसं आणि अहमदपूरचा स्टॅण्ड

आमच्या घरात दोन गोष्टी साचतात, कफ आणि किस्से. कफ काढायला आई रोज सकाळी मला पालथं पाडून पाठ बडवते. किस्से तात्यांमुळं आपोआप बाहेर पडतात.

तात्या म्हणजे माझे थोरले चुलते. लातूरच्या आमच्या घरात सगळं तेच ठरवतात. पप्पांच्या गाडीचा रंग, ताईचं लग्न, आणि माझ्या आजाराचं नावसुद्धा.

खरं नाव सिस्टिक फायब्रोसिस. जन्मापासूनचा आहे. छातीत चिकट कफ साठतो, फुफ्फुसं हळूहळू कामातून जातात, अन्न नीट पचत नाही आणि घामात मीठ लई असतं. पण ताईचं लग्न जमेपर्यंत तात्यांनी त्याला 'धुळीची ॲलर्जी' म्हणायचं ठरवलं. ताईला बघून गेलेल्या पाव्हण्यांकडं परतभेटीला गेलो तेव्हा मी गप एका कोपऱ्यात बसलो. त्यांची शेळी आली आणि माझा हात चाटायला लागली. हाकलली तरी जाईना.

डॉक्टरांना जे कळायला पंधरा वर्षं लागली, ते शेळीला दोन मिनिटांत कळलं.

*

बारावीनंतर तात्यांनी मला मेडिकलच्या क्लासला घातलं. दीडशे पोरं एका हॉलमध्ये. मी खोकलो की सर थांबायचे, सगळी पोरं वळून बघायची. एक दिवस सर म्हणाले, "ए, बाहेर जाऊन खोक. ह्यांचं करिअर आहे."

बाहेर गेलो तो परत गेलोच नाही. घरी तात्या विचारतात, "असा कोणता धडा चालू होता की तुला जमला न्हाई?"

म्हटलं, "श्वसनसंस्था."

*

गेल्या वर्षी हैदराबादच्या डॉक्टरांनी सांगितलं, दोन्ही फुफ्फुसं बदलण्याचा विचार आताच करा, फार उशीर केला तर ऑपरेशन शरीराला झेपणार नाही. तिथल्या समुपदेशक बाई देगलूरच्या निघाल्या. त्यांनी काही लपवलं नाही. जोखीम आहे, गोळ्या जन्मभर आहेत, पोटाचा त्रास तसाच राहणार. पण नवीन फुफ्फुसांत हा आजार नसणार.

सगळं ऐकून तात्या खुर्ची पुढं ओढून म्हणाले, "ते समदं ठीक हाय मॅडम. पण देणाऱ्याचं घराणं?"

"काका, नाव-गाव सांगत नाहीत. रक्तगट आणि छातीचं माप जुळतंय का ते बघतात."

"मापं बघताव, मग घराणं बघायला काय झालं?"

मी म्हटलं, "तात्या, पत्रिका आणली का माझी?"

*

घरी येऊन तात्यांनी निकाल दिला. "दुसऱ्याच्या मरणाची वाट बघत बसायचं? आपल्यात असलं चालत न्हाई."

"नाही बसलो तर माझ्या मरणाची बसाल."

आई उठून आत गेली. मी एकवीस वर्षांचा आहे, सही माझी चालते. पण हैदराबादला महिनोन्‌महिने सोबत माणूस लागतं, आणि पप्पा तात्यांना विचारल्याशिवाय दाढीसुद्धा करत नाहीत.

आणि खरं सांगायचं तर मलाही 'हो' म्हणता येत नव्हतं. छाती फाडणार म्हणतात. मी इंजेक्शनलाही डोळे मिटतो.

*

मग रुखसार भेटली. भेटली म्हणजे फोनवर. नांदेडची, वडिलांचं शिलाईचं दुकान, आजार माझाच. नवीन फुफ्फुसांसाठी ती आधीच यादीत होती. मला 'लातूर' म्हणायची, मी तिला 'नांदेड'.

आमच्यासारख्या दोघांनी जवळ यायचं नसतं. एकाच्या छातीतले जंतू दुसऱ्याला लागतात. म्हणून आम्ही मधे अहमदपूरला भेटलो, स्टॅण्डच्या दोन टोकांना, तोंडाला मास्क लावून. ओरडून बोलावं तर खोकल्याची उबळ येते. त्यावर तिनं आधीच तोडगा काढला होता. उरुसातनं दोन नव्या शिट्ट्या आणल्या होत्या, त्यातली एक अब्बांच्या हाती ह्या टोकाला मला पाठवली. एक शिट्टी म्हणजे हो, दोन म्हणजे नाही.

मी फुंकली. फुस्स. तिनं फुंकली. फुस्स.

लगेच मेसेज आला : "लातूर, आपल्यापेक्षा अम्मीचा कुकर बरा."

*

ओळखीच्या कुणीतरी बघितलं. संध्याकाळी तात्या ओट्यावर वाट बघत बसलेले.

"पोरगी कोन्या समाजाची?"

"खोकणाऱ्या समाजाची."

*

मग रुखसारला हैदराबादहून बोलावणं आलं. ऑपरेशन झालं. कैक महिने तिचा धड मेसेज नाही. अब्बा तेवढं कळवायचे, "दुआ में याद रखो." मी शिट्टी खिशात घेऊन फिरत होतो.

आणि एक दिवस मेसेज : "रविवारी अहमदपूर. शिट्टी आण."

ह्या वेळी तात्या माझ्यावर नजर ठेवायला सोबत आले. त्या टोकाला रुखसार आणि अब्बा, ह्या टोकाला मी आणि तात्या. मधे लातूरची गाडी उभी, इंजिन चालू. तिथं गाडी फलाटावरनं मागं काढावी लागते. कंडक्टर मागं उभा राहून शिट्टी वाजवतो, ड्रायव्हर त्या आवाजावर रिव्हर्स घेतो. कंडक्टर त्या वेळी चहाच्या गाड्यावर होता.

आधी मी फुंकली. फुस्स.

"राहू दे," तात्या म्हणाले, "दम लागंल."

तिकडं रुखसारनं मास्क खाली घेतला आणि फुंकली.

लांबलचक, सरळ, कुठंही न तुटता. तात्यांनी कानावर हात ठेवला. ड्रायव्हरनं रिव्हर्स टाकला आणि गाडी निघाली मागं! कंडक्टर ग्लास हातात घेऊन पळत सुटला, "अरे थांब, मी हितं हाय!"

गाडी थांबली. ड्रायव्हर तणतणत खाली उतरला. "शिट्टी कुणी वाजवली?"

अब्बांनी हात वर केला. "माझ्या पोरीनं."

तात्या उठले. तिच्याकडं चालत गेले आणि अर्ध्यात, गाडीपाशीच थांबले. अंतराचं त्यांना मी सांगितलेलं होतं. तिथनंच ओरडले,

"पोरी, अजून एकदा वाजव."

"थांबा," ड्रायव्हर म्हणाला, "आधी हँडब्रेक लावू द्या."