रेसच्या जाकिटांची गोधडी

बाबा दिवसा फॅक्टरीत असत आणि संध्याकाळी कुत्र्यांच्या रेसट्रॅकवर. ग्रेहाउंड पळायच्या आधी त्यांना लोकांसमोरून फिरवायचं आणि शर्यत सुटते त्या पिंजऱ्यात घालायचं, हे त्यांचं काम. आईला ते कधी रुचलं नाही. जुगाराची जागा, त्यात कुत्री. बाबा घरी आले की आधी आंघोळ, मग चहा. ट्रॅकचा विषय निघाला की आई कुकर लावायला उठायची. पुढेपुढे बाबांनी विषय काढणंच सोडलं.

ट्रॅक बंद पडला, तिथे फ्लॅट बांधायचं ठरलं, आणि बाबांनी हाताला लागेल ते घरी आणलं. रेसकार्डं, बिल्ले, ट्रॅकचं नाव असलेला एक ॲशट्रे (बाबांनी जन्मात सिगरेट ओढलेली नाही), आणि कुत्र्यांच्या अंगावरची सहा जाकिटं. लाल, निळं, पांढरं, काळं, केशरी आणि काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचं, प्रत्येकावर मोठा नंबर. ती एका पिशवीत भरून कपाटावर ठेवली. मी शनिवारी लंडनच्या दुसऱ्या टोकाहून, पिनरहून, इल्फर्डला आईबाबांकडे जायची ती आठवडाभराच्या नोकरीने पिळून निघालेली. त्या पसाऱ्याकडे बघून मला आणखीच थकवा यायचा.

मग बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. ते घरी आले आणि साउथहॅम्प्टनहून एका गोऱ्या गृहस्थांचा फोन आला. ते बंद पडलेल्या ट्रॅकच्या वस्तू जमवायचे. सहा जाकिटांचा पूर्ण सेट काचेच्या कपाटात मांडू, शेजारी तुमचा फोटो लावू, असं म्हणाले. बाबांनी फोटो शोधून ठेवला. त्यात ते एका कुत्र्याचं लीड धरून ताठ उभे होते.

"लोकांना कळेल, मी तिथे होतो," ते मला म्हणाले. एवढं खुशीत मी त्यांना कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. आईला मात्र यातलं काही सांगितलं गेलं नाही. ट्रॅकचं बोलणं घरात होतच नव्हतं ना.

गृहस्थ आले, चहा झाला. बाबा म्हणाले, "अगं, ती कपाटावरची पिशवी आण."

आई आत गेली आणि हातात गोधडी घेऊन आली. चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता.

"तुम्ही हॉस्पिटलात होतात ना, तेव्हा शिवायला घेतली. पिशवीत कुजून गेली असती सगळी. डेटॉलमध्ये भिजवली, मध्ये माझ्या जुन्या साड्या घातल्या. गुडघ्यांना ऊब मिळेल."

सहाही जाकिटं कापून तिने ठिगळं लावली होती, बारीक धावदोऱ्याने. आमच्याकडे आपल्या माणसाचा कपडा टाकत नाहीत, त्याची गोधडी होते. करायला गेली गणपती आणि झाला मारुती, ते हे असं.

गृहस्थ फार सभ्य होते. काम सुंदर आहे म्हणाले, गोधडीवरून हात फिरवला. पण कापलेला सेट त्यांना चालणार नव्हता. बिल्ले आणि ॲशट्रे त्यांनी घेतला. फोटो टेबलावरच राहिला. बाबांनी तो पालथा केला.

ते ओरडले असते तर बरं झालं असतं. गृहस्थ गेल्यावर झालं काय ते मी आईला सांगितलं. ती बराच वेळ गोधडीची घडी घालत आणि मोडत राहिली. मला दोघांचाही राग आला. एका घरात जन्म काढला, आणि एवढं साधं एकमेकांना सांगता आलं नाही. मी कारची किल्ली शोधायला लागले. नॉर्थ सर्क्युलर रोडवरचं ट्रॅफिक परवडलं, पण हे नको.

तेवढ्यात आई बाबांच्या शेजारी सोफ्यावर बसली. गोधडी पसरली.

"अहो, यातला तुमचा नंबर कुठला?"

तिने उठायची घाई केली नाही. शेवटी बाबांनी पायाकडच्या पट्ट्यांवर बोट ठेवलं.

"हा. सहा नंबर. सगळ्यांच्या शेवटी चालायचं. सहाचं कुत्रं माझ्याकडेच द्यायचे, मी घाई करत नाही म्हणून." मग म्हणाले, "एकदा बघायला यायचं होतंस."

"बोलावलंत कधी?" आई म्हणाली.

आईने सुईदोरा मागितला, तो मी दिला. पट्ट्यांचं ठिगळ उशाकडे घ्यायला ती शिवण उसवायला बसली. बाबांनी पालथा फोटो सुलटा करून तिच्या समोर धरला. चष्मा लावून ती तो बघत राहिली.

"कुत्रं छान आहे हो," ती म्हणाली. "नाव काय होतं त्याचं?"