अमानत जपानी साहेबाची

इस्पितळातल्या आमच्या शेवटच्या भेटीत ह्यांनी मला विचारलं, "सकीना, आज जुम्मा ना? तेल लावलंस?" माझ्या गुडघ्यांना नव्हे हो... कपाटावरच्या बांबूच्या तलवारीला! एवढ्या वर्षांचा संसार, नाकात ऑक्सिजनची नळी, आणि बायकोला विचारायचं काय, तर हे. "लावते," म्हटलं. आणखी काय म्हणणार? संध्याकाळी गेले. चाळिसावा झाला, पाहुणे पांगले, आणि आता माझ्या मनात दुःखापेक्षा राग जास्त आहे. गेलेल्या माणसाबद्दल असं लिहू नये म्हणतात. मी लिहिणार.

आमचे हे, दाऊद, दाभोळकडचे. डोकं एवढं मोठं की निकाहाला बाजारातली एकही टोपी बसेना; शेवटी मामूंनी मापाची शिवून आणली. लग्नानंतर काही महिन्यांतच ह्यांनी आखाताची बोट धरली. साठचं दशक ते. आज मी राहते त्या ह्या मुलखात तेव्हा ना अमिरात होती, ना दिरहम. उम्म अल कुवैनच्या किनाऱ्यावर एका जपानी कंपनीचा तळ होता. ती समुद्रात तेल शोधायची, आणि हे तिथे स्टोअरकीपर लागले. मी सासरी, पोटात झुबेदा. झुबेदा म्हणजे आमची पहिली मुलगी.

त्या तळावर इशिदा नावाचा इंजिनियर होता. चणीनं लहान, तोंड तर लिंबाएवढं, असं हेच सांगायचे. संध्याकाळी तो वाळूत एकटाच बांबूची तलवार फिरवायचा. त्यांच्या मुलखातला तो खेळ, पण जोडीदार लागतो. बाकीचे जपानी पत्ते कुटत बसायचे, म्हणून त्यानं ह्यांना हाक मारली. एकमेकांची भाषा दोघांनाही येत नव्हती. पण खेळण्याआधी तो ह्यांना तलवार जपायला शिकवायचा. बांबूच्या चार पट्ट्या चामड्यानं बांधलेल्या असतात, त्या सोडायच्या, कडांवरून अंगठा फिरवायचा. इथल्या कोरड्या वाऱ्यात बांबू तडकतो, कुसळ निघतं, आणि ते समोरच्याच्या डोळ्यात गेलं की खलास. म्हणून पॉलिश पेपरनं घासायचं, तेलाचा हात द्यायचा. साहेबाचं तेल संपलं तेव्हा ह्यांनी मी पाठवलेलं खोबरेल दिलं. त्या एवढ्या मोठ्या डोक्यासाठी मी घाम गाळून काढलेलं तेल, आणि लागलं बांबूला!

खेळताना तोंडावर मुखवटा चढवतात, त्याचं तर वेगळंच. तो लोखंडी गजांचा असतो, आणि त्यातली एकच फट जराशी रुंद. ती बरोबर डोळ्यांसमोर यावी लागते. म्हणून मुखवटा ज्याच्या त्याच्या मापाचाच निवडायचा; दुसऱ्यानं घातला तर समोर नुसते गज. हे मला ह्यांनी इतक्यांदा ऐकवलंय की झोपेतही सांगेन.

एक दिवस इशिदानं सुतळीनं ह्यांच्या कपाळाचं माप घेतलं, हनुवटीपासून टाळूपर्यंत घेतलं. ह्यांना वाटलं, कोणी दांडगा जपानी साहेब यायचा असेल, त्याच्यासाठी आपलं डोकं नमुन्याला धरलंय. काही महिन्यांनी बोटीनं खोकं आलं, आत मुखवटा आणि बांबूची तलवार. तोवर इशिदाची बदली झाली होती. निघताना त्यानं खोकं दोन्ही हातांनी ह्यांच्यापुढे धरलं, मुखवटा कसा पुसायचा, सावलीत कसा वाळवायचा ते पुन्हा करून दाखवलं, वाकला आणि गेला. तो दांडगा साहेब काही आला नाही. ह्यांनी ठरवून टाकलं की ही अमानत आहे, इशिदा येईल आणि घेऊन जाईल. स्टोअरकीपर माणूस, हातात येणारी प्रत्येक वस्तू दुसऱ्याची!

त्याच सुमाराला ह्यांची रजा मंजूर झाली होती, तिकीट काढलं होतं. झुबेदा चालायला लागलेली. दारात कोणी पुरुष दिसला की 'अब्बा' म्हणून धावायची. अंगणात मी नवी चटईसुद्धा घातली. आणि पत्र आलं, "सोपवलेली वस्तू टाकून कसा येऊ? मी नसताना साहेब आला तर?" मी उलट टपाली कळवलं, खोकं बरोबर घेऊन या. त्यावर उत्तर, परक्याची वस्तू समुद्रापार नेणं म्हणजे चोरी. ती बोट गेली, पुढचीही ह्यांनी सोडली. मग पावसाळा लागला, खाडीतल्या लाँची बंद झाल्या, आणि झुबेदाला ताप भरला. डॉक्टरपर्यंत पोचलोच नाही. बापाचं तोंड न बघता पोर गेली. माझी पोर...

नंतर मला इथे बोलावून घेतलं. आले. कपाटावर ते खोकं होतं. तळहाताच्या फोडासारखं जपलेलं. दर जुम्म्याला नमाजहून आले की चटई घालून बसायचे, तेल, फडकं, डांबरगोळ्या घेऊन. दुबईत दुप्पट पगाराची नोकरी चालून आली, तीही नाकारली. साहेब आला तर इथेच शोधेल ना! मी भांडले, अबोले धरले. एकदा मात्र शांतपणे म्हटलं, "निदान एकदा घालून तरी बघा." तर माझ्याकडे असे बघायला लागले, जणू मी चोरीच करायला सांगितली.

"अमानत कोणी घालतं का, सकीना?"

मेले तरी घातला नाही.

चाळिसाव्यानंतर अस्लमनं, आमच्या मुलानं, खोकं खाली काढलं. म्हणाला, "अम्मी, आता हे कोणाला तरी देऊन टाकू." अस्लमचं डोकं बापाचंच, हेल्मेटसुद्धा त्याला शोधून आणावं लागतं. सहज म्हणून त्यानं मुखवटा चढवला. मी म्हटलं, अडकेल, काढ. अडकला नाही. कपाळाला बसला, हनुवटीला बसला, आणि ती रुंद फट बरोबर डोळ्यांसमोर आली.

"अम्मी, मला तुझं पूर्ण तोंड दिसतंय," अस्लम म्हणाला.

लिंबाएवढ्या तोंडाच्या त्या इशिदाचा हा मुखवटा कसा असेल? सुतळीचं माप, दोन्ही हातांनी पुढे धरलेलं खोकं... एखादा साहेब आपल्यासारख्या स्टोअरकीपरसाठी काही मागवेल, हे ह्यांच्या त्या मोठ्या डोक्यात कधी आलंच नाही. ते खोकं ह्यांचंच होतं. बगलेत मारून त्याच बोटीनं घरी आणता आलं असतं. झुबेदानं त्या गजांना बोटं लावली असती, घाबरली असती, मग हसली असती.

अस्लमला सांगितलं, कोणाला द्यायचं नाही. आज जुम्मा आहे. ह्यांची चटई मी अंथरली आहे, खोबरेलाची बाटली काढली आहे. पट्ट्या सोडीन, अंगठा फिरवीन, तेल लावीन. आणि लावता लावता ह्यांना तोंडभर शिव्या देईन. त्या साहेबाची वस्तू मी कधी जपली नसती. ही माझ्या नवऱ्याची आहे.